कॅराव्हॅन आणि रॉकीतले घाट : बंड्यास पत्र

डेन्व्हर, २ मार्च

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तू जुलैत येतोयस हे कळल्यापासून टेबलावरचा नकाशा मी उचललेलाच नाही. एवढी जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं हे चाकांवरचं घर, रॉकी पर्वतात ओढून न्यायची कशी, असं तू विचारलंस. कसारा घाटात रात्री-अपरात्री टेम्पो चालवलेल्या माणसाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तरही सविस्तर लिहितो. इंटरनॅशनल परवाना काढून ये. मी तुला नुसता बाजूला बसवणार नाही.

आपली कॅराव्हॅन १९६८ची एअरस्ट्रीम, १७ फुटी. सगळं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, रिव्हेट मारून जोडलेलं. पाणी-सामान भरलं की वजन दीड टनाच्या घरात जातं. या गाड्या ज्याने सुरू केल्या तो वॉली बायम १९५९ साली असल्याच कॅराव्हॅनचा तांडा घेऊन केप टाउनहून निघाला आणि पुढच्या वर्षी कैरोला पोचला. मधे इथिओपियाचे डोंगर होते. पिरॅमिडसमोर उभ्या केलेल्या त्या चंदेरी गाड्यांचा फोटो मी तुला दाखवीनच. तो पाहिला की घाटाची भीती वाटत नाही, पण गाडीची काळजी घ्यावीशी वाटते.

काळजी म्हणजे मुख्यतः खालून. हिला स्प्रिंगचे पाटे नाहीत. लोखंडी नळीत घट्ट बसवलेले रबराचे दांडे पिळले जातात आणि तेच स्प्रिंगचं काम करतात. रबर वर्षानुवर्षांनी दगड होतं, मग प्रत्येक खड्डा थेट सांगाड्याला बसतो. म्हणून ॲक्सल नवा टाकून घेतलाय. फरशी प्लायवूडची असते आणि कुठूनही पाणी झिरपलं की आधी तीच कुजते, त्यामुळे कोपरे दाबून बघणं चालूच असतं. बेअरिंगला दर वसंतात ग्रीस. टायरची नक्षी कितीही चांगली दिसो, पाच-सहा वर्षं झाली की टायर बदलायचे. यात मी काटकसर करत नाही.

आता ब्रेक. हे नीट वाच, कारण आपल्या टेम्पोत असलं काही नव्हतं. ट्रेलरच्या, म्हणजे कॅराव्हॅनच्या, प्रत्येक चाकाच्या ब्रेक-ड्रममध्ये एक विद्युतचुंबक आहे. मी तिला ओढणाऱ्या पिकअपचा ब्रेक दाबला की तिकडे करंट जातो, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्या ओढीने एक तरफ सरकते आणि लायनर फाकून ड्रमला आतून घासतात. किती करंट जायचा ते डॅशबोर्डखालच्या छोट्या डबीवर ठरवता येतं. पण मागचे ब्रेक तापले तर पायाला काहीच कळत नाही, पॅडल तसंच लागतं. म्हणून लांब उतारावर मधे थांबायचं आणि हबजवळ हात नेऊन धग बघायची. लायनर जळाल्याचा वास तुला माहीत आहेच. वास येईपर्यंत थांबायचं नाही.

चढाचं मला फारसं काही वाटत नाही. आपल्या पिकअपला इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नाही, त्यामुळे दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, अकरा हजार फुटांवर तिसरा हिस्सा गायब. गाडी रडतखडत चढते, इतकंच. उजव्या लेनमध्ये राहायचं आणि इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. खरी कसोटी उताराची. माथ्यावरच, उतार सुरू व्हायच्या आधी, गिअर खाली टाकायचा. ब्रेकवर पाय ठेवून घसरत जायचं नाही. वेग चाळीस मैलांच्या वर गेला की एकदा ठाम दाबायचा, पस्तीसवर आला की पाय पूर्ण काढायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. आणि बंड्या, डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणारे आपण खूप पाहिलेत. इथे ते स्वप्नातही नको.

शेपूट डुलायला लागली तर? स्टिअरिंग सरळ धर, ॲक्सिलरेटर सोड, पिकअपचा ब्रेक दाबू नकोस. त्या डबीवर एक खटका आहे, तो दाबला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणून सरळ होतो. मुळात डुलू नये म्हणून वजन पुढे हवं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअपला ट्रेलर जोडतो त्या सांध्यावर, आला पाहिजे, म्हणजे आपल्या बाबतीत दीडशे ते सव्वादोनशे किलो. तुझ्या बॅगा मागच्या पलंगाखाली जाणार नाहीत हे आत्ताच सांगून ठेवतो.

रस्ता मी उताराकडे बघूनच ठरवलाय. इथून निघून मोनार्क पासवरून (पास म्हणजे खिंड, ही ११,३१२ फूट) गनिसन, मग माँट्रोझ, रिजवे. तिथून युरे आणि सिल्व्हरटनच्या मधला रेड माउंटन पास, ११,०१८ फूट. लोक कॅराव्हॅन घेऊन जातात तिथून, पण मी नेणार नाही. बर्फ काढणाऱ्या गाड्यांना बर्फ दरीत लोटता यावा म्हणून बऱ्याच जागी कठडाच ठेवलेला नाही, आणि युरेहून दक्षिणेला निघालं की दरी आपल्याच बाजूला. तो रस्ता बघण्यासारखा आहे, आणि दीड टन मागे लटकवून कोणी काही बघत नाही. कॅराव्हॅन रिजवेला ठेवू, नुसत्या पिकअपने सिल्व्हरटनला जाऊन येऊ. दुसऱ्या दिवशी तिला लिझर्ड हेड पासवरून डोलोरेस, आणि मग डुरँगो. लांब पडतं, पण वळणं सैल आहेत.

परतताना वुल्फ क्रीक पास. त्याची पश्चिम बाजू सात टक्के उताराची, मधे एक फार तीव्र वळण, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे दोन चढाव बांधलेले. आपण पश्चिमेकडून येणार, म्हणजे ती बाजू आपल्याला चढायची आहे. त्याच हिशेबाने सगळा फेरा या दिशेने काढलाय.

जुलैत दुपारनंतर माथ्यावर विजा कडाडतात, म्हणून प्रत्येक पास बाराच्या आत ओलांडायचा. सकाळी पाचला उठावं लागेल. चहा मी करीन. वहिनींना सांग, थंडीचे जाड कपडे खरंच लागतात, दहा हजार फुटांवर जुलैची रात्रही गारठवते.

तिकिटाची तारीख नक्की झाली की लगेच कळव, रिजवेची जागा आधी राखून ठेवावी लागते. आणि येताना मेतकूट आण.

तुझा,
सदा