“म्हणजे नेमकं काय झालं होतं?” : रात्रपाळीच्या सिस्टरांना पत्र

प्रिय सिस्टर,

तुम्हाला आई आठवेलच असं नाही. खिडकीजवळचा बेड, 103 ताप आणि सारखी चादर लाथाडणारी बाई. मी तिची मुलगी, जिला तुम्ही ‘ताई’ म्हणत होतात आणि जी पहिल्याच रात्री तुमच्यावर खेकसली होती. आधी त्याची माफी मागते, मग आभार.

मूत्रपिंडाचा संसर्ग रक्तात उतरलाय, शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. फॉर्मवर मी नेहमीसारखं लिहिलं होतं, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’. आमच्या घरात हे रक्तगटासारखं पाठ आहे. आजवर ते वाचलं की समोरचा मान डोलवायचा आणि दुसरं औषध लिहायचा. तुम्ही विचारलंत, “म्हणजे नेमकं काय झालं होतं?”

“ॲलर्जी झाली होती.”

“हो, पण काय झालं? अंगावर गांधी उठल्या? ओठ सुजले? धाप लागली? गोळी घेतल्यावर किती वेळानं?”

तेव्हाच मी खेकसले. इकडे आई तापानं फणफणलीय आणि ह्यांना इतिहास हवाय! शेवटी आईनंच डोळे न उघडता सांगितलं. बारा-तेरा वर्षांची असताना गोळी घेतली, मळमळलं, एक उलटी झाली. पुरळ नाही, सूज नाही, काही नाही. पन्नास वर्षं आम्ही त्या एका उलटीला ॲलर्जी म्हणत होतो. तुम्ही ते जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घातलंत आणि त्यांनी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, म्हणजे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं औषध, द्यायचं ठरवलं.

नंतर मी यावर वाचलं. अमेरिकेत दर 100 माणसांतली साधारण 10 माणसं ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं सांगतात आणि नीट तपासलं तर त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त जणांना ते चालतं. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही बहुतेकांची दहा वर्षांत मावळते. (हे वाचून कुणी आपल्या कागदावरची ॲलर्जी घरच्या घरी खोडू नये. उरलेल्या थोड्यांच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून तर तुम्ही इतकं खोदून विचारत होतात.)

तो पहिला डोस मला अजून दिसतो. औषध सुरू व्हायच्या आधी तुम्ही कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कुठला जंतू आहे ते वाढवून पाहायला, दोन्ही हातांतून रक्त काढलंत. मग औषधाच्या 4.5 ग्रॅमच्या कुपीत पाणी सोडून ती तळहातात गोल गोल फिरवलीत. वर फेस धरला होता, तो बसेपर्यंत थांबलात आणि उजेडात धरून पाहिलंत, एखादा कण उरलाय का ते. ते सलाईनच्या छोट्या बाटलीत घालून अर्ध्या तासात जाईल असे थेंब लावलेत. ट्रेमध्ये ॲड्रेनालिन, जोराची ॲलर्जी उठलीच तर टोचायचं औषध, काढून ठेवलेलं होतं, ते काय आहे हे मी विचारलं नाही ते बरंच झालं. पहिली पंधरा मिनिटं तुम्ही बेडपासून हलला नाहीत. “काकू, घशात आवळल्यासारखं वाटतंय? खाज येतेय?” आई म्हणाली, “तुम्ही गप्प बसलात तर झोप येईल.”

झोपेवरूनच आपलं दुसरं भांडण. रात्री बाराच्या डोसला आईचा जरा डोळा लागला होता. मी म्हटलं, राहू द्या, सकाळी दोन्ही एकदम द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. हे औषध जंतूंना भिंत बांधू देत नाही, पण रक्तात त्याची पातळी टिकली तरच. एकदम दुप्पट देऊन ते साधत नाही आणि मूत्रपिंडं तर ते भराभर बाहेर टाकत असतात. म्हणून सहा-बारा-सहा-बारा.

औषध असं लघवीतून निघून जातं हे किती जुनं दुखणं आहे, ते मला घरी आल्यावर कळलं. 1941 च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं. जगात तेव्हा पेनिसिलिन इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढून पुन्हा त्यालाच देत होते. माणूस सुधारत होता. औषध संपलं आणि मार्चमध्ये तो गेला.

आमच्याकडे गोष्ट उलटी होती, औषध भरपूर आणि लघवी कमी. दुसऱ्या पहाटे तुम्ही लघवीच्या पिशवीवरच्या रेघा वाकून वाचल्यात, आदल्या चार तासांच्या आकड्याशी ताडून पाहिल्यात आणि रक्ताचा रिपोर्ट यायच्या आत डॉक्टरांना कळवलंत. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली की रक्तात साचतं ते, वाढलेलंच निघालं. पिपरासिलिनचा डोस निम्म्यावर, 2.25 ग्रॅमवर आला. सोबतचं दुसरं अँटिबायोटिक, अमिकासिन, बंद झालं. ते तुम्ही पहिल्यापासून वेगळ्या वेळी, मध्ये सलाईननं नळी धुऊन देत होतात. मला ती उगाचची टापटीप वाटायची. दोन्ही एका बाटलीत मिसळली तर अमिकासिनचा जोर मरतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला, जंतू निघाला ई. कोलाय. डॉक्टरांनी औषध उतरवून अँपिसिलिनवर आणलं आणि मी पुन्हा घाबरले, आता कुठे ताप उतरतोय तर हलकं औषध का? तुम्ही माझ्याकडे न बघता डाव्या हाताची पट्टी सोडवत होतात, कारण सुईभोवती लाल झालं होतं. म्हणालात, “आता चोर कोण ते कळलंय, ताई. सगळ्या गल्लीला कशाला झोडपायचं?” आणि हेही पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. त्या रात्री तुम्ही ‘ॲलर्जी’ एवढं वाचून थांबला असतात, तर ही दारं आईसाठी बंदच राहिली असती.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी फाईलवरचा ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ हा शिक्का रेघ मारून खोडला आणि सही केली. त्याखाली दोन्ही औषधांची नावं, तारखा आणि ‘सहन झाली’ एवढंच तुमच्या अक्षरात आहे. मी त्याचा फोटो काढून भावाला आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना पाठवलाय.

आई बरी आहे. क्रिएटिनिन पूर्वपदावर आलं. तिनं निरोप सांगितलाय तो तसाच लिहिते. त्या पोरीला म्हणावं, डाव्या हाताची शीर अजून दुखते, पण तिलाच बोलवा.

तुमची,
खिडकीजवळच्या बेडवरल्या काकूंची मुलगी