पर्यावरणप्रेमी आणि तीस टँकर

मा. संपादक,
स. न.

पाऊस सुरू झाला की वृक्षारोपणाच्या बातम्यांत ‘पर्यावरणप्रेमी’ हा शब्द सर्रास दिसतो. रोप लावणं हा त्यातला सोपा भाग. ५०० रोपांना आठवड्याला प्रत्येकी १० लिटर पाणी धरलं तर ५ हजार लिटरचा एक टँकर लागतो. नोव्हेंबर ते मे साधारण ३० आठवडे, म्हणजे ३० टँकर. हे झालं पहिल्या वर्षाचं. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबवता येते, बंद करता येत नाही. एवढी तजवीज नसेल तर ५० रोपंच लावावीत.

बरीच रोपं लावतानाच्या चुकांनी दगावतात. दीड-दोन फुटांचा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा आणि वरच्या मातीत कुजलेलं शेणखत मिसळून भरावा. कच्चं शेण घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आलीच. प्लास्टिकची पिशवी ब्लेडने कापून पूर्ण काढावी (पिशवीसकट पुरलेली रोपं अजूनही सापडतात!). फार दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाच्या मुळांचं तळाशी वेटोळं झालेलं असतं. ते छाटलं नाही तर मुळं पसरत नाहीत आणि वाढलेलं झाडही वादळात उलथतं. उतारावर गोल आळ्याऐवजी खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा बांध घालावा. पालापाचोळा खोडाला टेकवू नये. टेकडीवर गवत वाळू लागलं की जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) हवीच, नाहीतर एका वणव्यात सगळं खलास.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे लावू नये. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आकडा गाठायचा म्हटलं की नजर ‘पडीक’ जमिनीवर जाते. पण पुणे-सोलापूरकडचं माळरान म्हणजे लांडगा, चिंकारा आणि धाविक पक्ष्याचं घर. तिथे गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची दाट रांग उभी राहिली की सावलीने पवन्या, मारवेल ही गवतं हटतात आणि धनगरांची चराई जाते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तर इंच-दोन इंच मातीत रानफुलं येतात. तिथे दोन फुटांचा खड्डा म्हणजे कातळ फोडणं. अशा जागी कुदळ खाली ठेवणारा माणूसही पर्यावरणप्रेमीच, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

एक विनंती. वृक्षारोपणाची बातमी छापताना रोपं किती, कोणत्या जातीची आणि मेपर्यंतच्या टँकरचे पैसे कोण देणार, हेही विचारून छापावं.

— एक वाचक, पुणे