बाळूला आळशी म्हणू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी घरून निघाले, तर एसटीत पुण्यापर्यंत डोळ्यांसमोर जिन्यातला बाळूच होता. बाबा, तुम्ही त्याला एका दमात सांगितलंत, "मोटर बंद कर, दूधवाल्याचे पैसे दे, इस्त्रीचे कपडे घे आणि येताना कोथिंबीर आण." तो चपला घालून उतरला आणि पिशवी धरून तिथेच थांबला. ओठ हलत होते. यादी घोकत होता बिचारा. परत आला तो फक्त कोथिंबीर घेऊन. त्यावर तुम्ही म्हणालात, "स्कॉलरशिपला आलेला मुलगा हा! नुसता आळस."

आळस नाही हो बाबा.

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी त्याला ऐकू येणारे, प्रत्यक्षात नसलेले आवाज थांबले, झोप लागायला लागली. पण लक्ष न टिकणं, ऐकलेलं डोक्यात न राहणं, चटकन न उमगणं, हाही या आजाराचाच भाग आहे आणि तिथे गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय हे बहुतेकदा आजार पहिल्यांदा उफाळण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांवर संशोधक वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहेत. त्यातल्या ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, त्यांच्या लहानपणीच्या चाचण्या नंतर काढून पाहिल्या. सात ते तेरा वर्षांच्या काळात त्यांचं लक्ष, कामाचा वेग, स्मरण वाढतच होतं, पण सोबत्यांपेक्षा सावकाश, आणि अंतर वर्षागणिक रुंदावत गेलं.

बाळूचंही तसंच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण आठवीत त्याचं फळ्यावरचं निम्मंच उतरवून व्हायचं, आठवतं? तुम्ही वही भिरकावली होतीत. मी त्याला 'ढ' म्हणाले होते. ते आठवलं की अजून घशाशी येतं.

आई, तू हळूच विचारलंस, "त्याचा मेंदू झिजत चाललाय का गं?" एकेकाळी डॉक्टरच या आजाराला 'अकाली बुद्धिभ्रंश' म्हणायचे. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९०८ मध्ये ते नाव बाजूला सारलं, कारण सगळेच रुग्ण उतरणीला लागत नाहीत हे त्यांनी पाहिलं होतं. आणि मेंदूचा पुढचा भाग, जो कामांची आखणी करतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. आपला बाळू बावीसचा आहे गं. लक्ष आणि स्मरण वाढवण्याचे सराव असतात. रोजच्या खऱ्या कामाची जोड मिळाली की ते जास्त लागू पडतात. म्हणून त्याच्या हातातली कामं काढून घेऊ नकोस.

एका वेळी एकच काम सांगा. जास्त असतील तर चिठ्ठी त्यालाच लिहू द्या. वेळ लागला तरी वाक्य मध्येच तोडू नका. हात थरथरू नयेत म्हणून त्याला जी गोळी चालू आहे, तिनेही कधीकधी विसरायला होतं. शनिवारी डॉक्टरांना ते मी विचारणार आहे. तोवर आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

शुक्रवारी रात्री पोचते. सकाळचा चहा बाळू करेल. साखर दोनदा पडली तरी चालेल, आई, फक्त तू ओट्यापाशी उभी राहू नकोस.

तुमची,
ताई