कोचिशची ती ओळ बदल

प्रिय संज्या,

पत्राला फार उशीर झाला, त्यावरून भेटलास की हवा तेवढा भांड. घरी सगळे बरे आहेत, माझी शुगर आटोक्यात आहे. आज लिहायला बसलो ते तुझ्या स्मरणिकेतल्या लेखामुळे. कच्ची प्रत दिग्याने पाठवली. हंगेरीच्या १९५० च्या दशकातल्या फुटबॉल संघावर झकास लिहिलंयस, वेम्ब्लीला इंग्लंडला हरवलं ते ६-३ तर दोनदा वाचलं. पण त्या संघातल्या फॉरवर्डला, शांदोर कोचिशला, तू एका ओळीत गुंडाळलंस: ‘१९५६ नंतर परदेशात गेला आणि विझला.’ ही ओळ छापली गेली की तालमीतली पोरं तेच खरं धरून चालणार. मला राहवत नाही.

आधी १९५६ चं बघू. कोचिशचा बुडापेस्टचा क्लब होनव्हेद युरोपियन कपसाठी (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) देशाबाहेर होता आणि मागे बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव चिरडला. स्पेनच्या बिल्बाओकडून ते त्यांच्या मैदानावर २-३ हरले, परतीचा सामना बुडापेस्टऐवजी ब्रसेल्सला झाला, ३-३. कोचिश घरी परतला नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याचं राष्ट्रीय संघाचं खातं बंद झालं: ६८ सामने, ७५ गोल. मग फिफाची बंदी, झुरिकच्या यंग फेलोजकडे थोडा काळ, आणि १९५८ साली तिथे आधीच खेळणाऱ्या कुबालाच्या शब्दावर बार्सिलोना. फॉरवर्डच्या ऐन उमेदीची दीड-दोन वर्षं अशी गेली. त्याचा संघातला साथीदार पुश्काश, त्याचीही गेली, हे तू म्हणणारच. पण पुश्काशला माद्रिदमध्ये दर रविवारी जागा होती. बार्सिलोनात कुबाला, एव्हारिस्तो, युलोजियो मार्टिनेझ, तेहादा, व्हिलाव्हेर्दे, लुइस स्वारेस, वर आपला हंगेरीचा त्सिबोर. पुढच्या फळीत जागा पाच! बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे अकरात नाव नसेल तर तो सामना गेलाच. त्यात प्रशिक्षक एलेनियो एरेरा, घरच्या मैदानावर एक संघ आणि बाहेर दुसरा उतरवणारा. कोचिशचे लीगमधले सामने ७५ आणि गोल ४२, हे आकडे या गर्दीत ठेवून वाच. १९५९ आणि १९६० ची लीग जिंकली, १९५९ च्या स्पॅनिश कप फायनलमध्ये ग्रानादाविरुद्ध दोन गोल. विझलेला माणूस म्हणे!

आता हेडर. तुझ्या लेखात ‘सोन्याचं डोकं’ एवढंच आहे, पण तो करायचा काय हे पोरांना कळायला हवं. तो फार उंच नव्हता. त्याचा जोर वेळेवर होता. बचावपटूच्या आधी उडायचं, हात पसरून अंग हवेत तोलायचं, कंबरेपासून मागे वाकायचं आणि चेंडू आला की धड आणि मान एकदम पुढे. चेंडू कपाळावर, केसांच्या रेषेखाली घ्यायचा, डोळे उघडे. चेंडूच्या मध्याच्या किंचित वर लागला की तो गोलकीपरच्या पायाजवळ टप्पा घेतो आणि खाली झुकायला त्याला वेळ मिळत नाही. पोरं इथेच चुकतात. चेंडू डोक्याला लागू देतात, डोकं चेंडूवर नेत नाहीत, मग चेंडू माथ्यावर बसतो आणि बारवरून जातो. त्या काळी चेंडू चामड्याचा, पावसात पाणी पिऊन जड व्हायचा. तरी तो नुसता ताकदीने मारत नसे, दिशा द्यायचा.

इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टनचं मैदान, मॉलिन्यू, आठवतं ना? डिसेंबर १९५४, पाणी मारून चिखल केलेलं मैदान. होनव्हेद २-० पुढे, पहिला गोल कोचिशचाच, आणि शेवटी वुल्व्हरहॅम्प्टनने ३-२ जिंकलं. बापू अजून ते ऐकलं की तापतो. मार्च १९६० मध्ये बार्सिलोना त्याच मैदानावर ५-२ जिंकलं आणि त्यात कोचिशचे चार गोल. तुझ्या लेखात याचा एक शब्द नाही.

पुढचं वर्ष तर त्याचंच. १९६१ च्या युरोपियन कपच्या सेमीफायनलला बार्सिलोना घरी १-० जिंकलं, हॅम्बुर्गमध्ये ०-२ मागे पडलं. शेवटच्या मिनिटाला कोचिशचा हेडर, २-१. बाहेरच्या मैदानातल्या गोलचा नियम तेव्हा नव्हता, म्हणून तिसरा सामना ब्रसेल्सला झाला आणि एव्हारिस्तोच्या गोलने जिंकले. तो हेडर नसता तर बर्नची फायनल आलीच नसती.

आणि बर्न. ३१ मे १९६१, वांकडॉर्फ, म्हणजे १९५४ ची वर्ल्ड कप फायनल हंगेरीने जर्मनीकडून जिथे गमावली तेच मैदान. स्कोअरही तोच, २-३. पहिला गोल कोचिशचा, स्वारेसच्या क्रॉसवर हेडर. दुसरा त्सिबोरचा. मध्ये समोरच्या पोर्तुगालच्या बेनफिकाचे तीन, त्यातला एक बार्सिलोनाचा गोलकीपर रामालेत्सच्या नावावर स्वयंगोल. कुबालाचा फटका एका खांबाला लागून दुसऱ्या खांबाला लागला आणि बाहेर आला, कोचिशलाही खांबाने अडवलं. तिथले खांब चौकोनी होते. गोलाकार खांबावर चेंडू आत घसरण्याची थोडी तरी शक्यता असते, चौकोनी खांबाचा सपाट चेहरा त्याला सरळ मैदानात परत पाठवतो. यात कोचिशचं काळीज कुठे कमी पडलं, सांग!

आणि आपलं जुनं भांडण: बर्ननंतर चौकोनी खांबांवर बंदी आली, असं तू शपथेवर सांगतोस. नाही आली. १९७६ ची युरोपियन कप फायनल ग्लासगोच्या हॅम्पडेनवर चौकोनी खांबांतच झाली, फ्रान्सच्या सेंट एटिएनला त्या आडव्या बारने दोनदा अडवलं. ते खांब १९८७ पर्यंत तिथेच होते. पैज वडापावची होती, मी विसरलेलो नाही.

१९७९ मध्ये बार्सिलोनाच्या इस्पितळात, आजारपणात, खिडकीतून पडून तो गेला. वय ४९. हे लिहायचं तर दोन ओळींत लिही, त्यावर रंग चढवू नकोस. २०१२ मध्ये त्याला बुडापेस्टला आणलं, सेंट स्टीफन बॅसिलिकात, पुश्काश आहे तिथेच. तुम्ही दोघांना वेगळं करता, तिथल्या लोकांनी केलं नाही.

पिंट्याच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींचा गुडघा कसा आहे? काकूंना नमस्कार. घराचं प्लॅस्टर संपलं असेल तर दिवाळीत येतो.

आणि ती ओळ अशी कर: ‘१९५८ पासून बार्सिलोनाकडून खेळला; दोन लीग, मॉलिन्यूवर एका सामन्यात चार गोल, १९६१ च्या युरोपियन कप फायनलमध्ये गोल.’ प्रेसला फोन तूच कर, दिग्याच्या भरवशावर राहू नकोस.

तुझा,
अव्या