बालस्थूलतेची मुळे गर्भावस्थेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या स्थूलतेचा दोष केवळ वडापाव आणि मोबाइलवर टाकणे अपुरे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हडकुळी असूनही त्यांच्या अंगात चरबी तुलनेने टिकून असल्याचे, आणि गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी पण फोलेट (ब गटातलेच दुसरे जीवनसत्त्व) जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला (रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) शरीराचा सर्वाधिक प्रतिरोध असल्याचे आढळले. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे दुवे एका वर्षाच्या पाहणीत कधीच दिसले नसते. उद्या माता होणाऱ्या किशोरवयीन मुलींच्या ब-१२ तपासणीची सोय शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत करावी, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, शिरूर