जुना पार्ट दाखवा ना भाऊ

संपादक साहेब, नमस्कार,

ऐन नवतप्यात झिरो माईलजवळच्या सिग्नलवर माझी नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी थरथरायला लागली, आरपीएमचा काटा 600 वरून 1500 वर अन् पुन्हा खाली, एसी लावला की बंदच पडून राहिली, मागून हॉर्नवर हॉर्न. चेक इंजिनचा दिवा पेटलेला. एका मोठ्या, एसी वेटिंग रूमवाल्या गॅरेजात नेली. त्यांनी स्कॅनर लावला, मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त, दाखवतंय म्हणाले, अन् चार प्लग अन् प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या चार कॉइल बदलून इंजेक्टर साफ करून 14,200 चं बिल हातात दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परत गेलो तर म्हणे आता पेट्रोल पंप बदलून पाहू! पाहू?

मग शेजाऱ्यानं मानेवाड्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं पाठवलं. टिनाचं शेड, एक खडखडणारा कूलर, बस. त्यानं बॉनेट उघडलं, कान लावला, इस्त्री करताना वापरतात ती पाण्याची फवारणीची बाटली घेतली अन् इनटेक मॅनिफोल्डवर जागोजागी फुसफुस मारत गेला. तिसऱ्या नळीपाशी पाणी पडलं अन् तो सूं आवाज बंद, इंजिन दोन सेकंद एकदम शांत. "पाहा साहेब, इथून हवा खेचून राहिली."

मॅनिफोल्ड म्हणजे फिल्टरमधून आलेली हवा सगळ्या सिलिंडरला वाटणारा नळ्यांचा गुच्छ, आजकाल बऱ्याच गाड्यांत काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. रोज तापतो, रोज थंड होतो, वर्षानुवर्षं हेच, मग पॅकिंग कडक पडतं नाहीतर प्लास्टिकला तडा जातो. माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर त्याच्या अलीकडं आहे, म्हणून तड्यातून घुसलेली हवा हिशोबातच येत नव्हती, अन् 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा हे गणितच चुकत होतं. यात प्लग बिचारा काय करेल!

मिस्त्रीनं जुना मॅनिफोल्ड काढल्याबरोबर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे कोंबले, आत बारीक काही पडलं तर इंजिनच जाईल म्हणून, जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं, नवीन पॅकिंग घातलं अन् बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला टॉर्क पान्यानं, म्हणजे मोजून ठरावीक जोरानं, कसले. पार्ट अन् मजुरी मिळून 6,500. तडकलेला मॅनिफोल्ड कागदात गुंडाळून स्वतःहून डिकीत ठेवला.

माझं म्हणणं एवढंच की काय तपासलं ते गॅरेजवाल्यांनी बिलावर लिहावं अन् काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यावा. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे, पण आपल्या पेपरनंही हा विषय एकदा लावून धरावा. माझ्या त्या जुन्या चार कॉइल कुठं गेल्या हे त्या गॅरेजवाल्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

– एक वाचक, नागपूर