‘रेकॉर्ड नाही झालं’ म्हणजे झालंच नाही?

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला स्केटबोर्डिंगवरचा पानभर लेख वाचला आणि चहा गार झाला. ‘मुंबईच्या मुलांना मिळालं हक्काचं व्यासपीठ’ असा मथळा आहे. लोअर परळच्या मॉलच्या आवारात झालेल्या ज्या स्केटबोर्डिंगच्या कार्यक्रमावर तो लेख आहे, तिथे त्या दिवशी मीही होतो. व्यासपीठ होतं, खोटं कशाला बोलू? त्यावर एनर्जी ड्रिंकचा फ्रीज ठेवला होता.

माझं वय एकेचाळीस. २००३ साली मामाने मस्कतहून आणलेल्या बोर्डावर शिकलो, माटुंग्यातल्या आमच्या इमारतीमागच्या कोब्यावर. ऑली मारताना, म्हणजे बोर्डासकट उडी मारताना, पुढचा पाय बोर्डावरच्या ग्रिप टेपवर घासत वर न्यावा लागतो. ती टेप म्हणजे पॉलिशपेपरच. महिन्याभरात बुटाची करंगळीकडची बाजू फाटायची. स्टेशनबाहेरचा मोची चामड्याचा तुकडा लावून द्यायचा आणि दर वेळी विचारायचा, “चलते हो या घिसटते हो?” परवाच्या कार्यक्रमात मात्र एकाचाही बूट फाटलेला दिसला नाही. एका मुलाने तर बोर्डावर चढण्याआधी खिशातून कापड काढून बूट पुसले. त्याचे वडील समोर मोबाइलचा स्टँड लावून तयारच होते.

असो. बुटांवरून भांडायला हे पत्र लिहिलेलं नाही.

आम्हा स्केटबोर्डवाल्यांत एक रीत आहे. कोणाला एखादी अवघड ट्रिक जमली की बाकीच्यांनी आपापला बोर्ड जमिनीवर आपटायचा. हीच आमची टाळी. आपल्या लेखात ज्यांना ‘करोडपती खेळाडू’ म्हटलंय त्या अमेरिकेच्या टोनी हॉक यांनी १९९९ च्या एक्स गेम्समध्ये, म्हणजे अशाच धाडसी खेळांच्या स्पर्धेत, हवेत अडीच गिरक्या घेतल्या, तेव्हा स्पर्धेची वेळ केव्हाच संपली होती. पडत होते, पुन्हा वर चढत होते. बाकीचे स्पर्धक आपलं सोडून बोर्ड आपटत उभे होते. बाराव्या प्रयत्नात जमलं. त्याआधी काही वर्षं खेळाची हवा गेली तेव्हा याच माणसाला पोट भरायची पंचाईत झाली होती. ते काही आपल्या लेखात नाही. जागा पुरली नसेल. खाली अर्धं पान जाहिरात आहे ना.

तर आमच्या मजल्यावरचा सातवीतला एक मुलगा माझ्या जुन्या बोर्डावर शिकतो. अडीच महिने किकफ्लिपच्या मागे होता. बोर्ड पायाखाली उलटा फिरवून परत त्यावरच उतरायचं. नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. कार्यक्रमाच्या दारात मनगटपट्टी हवी तर आधी ‘फॉलो’ करा आणि स्क्रीनशॉट दाखवा, असा नियम होता. (मध्य प्रदेशातल्या जनवार गावच्या स्केटपार्कचे नियमही ऐका: शाळेत गेला नाहीत तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी.) फॉलो केलं, आत गेलो. आणि तासाभराने त्या गर्दीत, कडेच्या सपाट जागेवर, पोराने किकफ्लिप मारली. दोन्ही पाय बरोबर चाकांच्या वरच्या बोल्टांवर. स्वच्छ.

मी बोर्ड आपटला. जोरात आपटला. दहा-बारा मुलं बाजूला उभी होती, सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, काकांना काय झालं म्हणून. एकानेही आपटला नाही. कानाला हेडसेट लावलेला एक तरुण आला आणि म्हणाला, “रेकॉर्ड नाही झालं रे, परत मार.” शेजारचा मुलगा, वय फार तर तेरा, म्हणाला, “प्रूफ नाही तर काय फायदा?” मग आमचा पोरगा परत मारत बसला. आठ-नऊ वेळा. एकदाही जमली नाही. हेडसेटवाला दुसरीकडे निघून गेला.

लोअर परळहून माटुंगा रोडला येताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. दादर गेल्यावर म्हणाला, “काका, मग ती झाली की नाही झाली?”

आता कोणी म्हणेल, पैसा आला की हे होणारच. मला ते पटत नाही. ऑलिम्पिकपेक्षा मोठा बाजार कुठला? तरी टोकियोत, २०२१ साली, मिसुगू ओकामोतो ही पंधरा वर्षांची मुलगी शेवटच्या फेरीत पडली, पदक गेलं, रडायला लागली, तर प्रतिस्पर्धी मुलींनी तिला खांद्यावर उचललं. त्यांच्या अंगावर कंपन्यांचे बिल्ले नव्हते का? होते की. मग आपल्याकडे कंपन्यांनी पोरांना बूट, टोप्या, कॅन सगळं वाटलं आणि एवढी एक गोष्ट सांगायची राहिली, असं का? बोर्ड आपटायला पैसे पडत नाहीत. माझा बोर्ड त्या दिवशी मागच्या टोकाला चिरला, तो भाग वेगळा. तोही जुनाच होता.

शिवाय ‘मुलांनी रस्त्यावर नको, सुरक्षित जागी खेळावं’ हा लेखातला उपदेश. कुठल्या रस्त्यावर खेळायचं, हे लेखकाने दाखवावं. या बोर्डाचं चाक बावन्न-चोपन्न मिलिमीटरचं असतं. आमच्या फूटपाथवरच्या दोन पेव्हर ब्लॉकच्या फटीत ते अडकलं की बोर्ड जागेवर थांबतो आणि माणूस पुढे जातो. माझ्या हनुवटीला चार टाके आहेत. तोच फूटपाथ गेल्या काही वर्षांत कितीदा उखडला आणि बसवला, ते मोजायचं मी सोडून दिलं. परवा तिथे एक आजी काठीसकट अडखळल्या. त्या काही स्केटबोर्डवर नव्हत्या.

मी त्या पोराला सांगितलं, झाली. मी बघितली ना. त्यावर तो म्हणाला, “पण तुम्ही तर आपल्याच बिल्डिंगमधले.”

आपला,
एक जुना वाचक, माटुंगा
(नाव छापू नये, सोसायटीत आधीच तक्रारी आहेत.)

ता. क. : लेखाच्या फोटोखाली ‘रोलर स्केटिंगचा थरार’ असं छापलंय. रोलर स्केट पायाला बांधतात. आणि या लेखापायी रविवारचं शब्दकोडं गाळलंत, ते निदान पुढच्या रविवारी तरी द्यावं. माझी आई वाट बघते.